पायाची शीर म्हणजे नेमकी कोणती?

"डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी इचलकरंजीत पोळी-भाजी केंद्र चालवते. वय ४४. पहाटे ५ पासून दुपारी १ पर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी ओट्यापाशी उभीच असते. दुसऱ्या बाळंतपणापासून डाव्या पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा फुगायला लागल्या. आता त्या गुडघ्याच्या वरपर्यंत दोरीसारख्या वळल्यात. संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याशी सूज दिसते, सकाळी ओसरते. शेजारच्या काकू म्हणतात, नसांत ब्लॉकेज झालंय, वर चढलं तर हृदयाला धोका. लिंबू, आलं, लसूण आणि व्हिनेगरचा काढा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, त्यानं नसा आतून साफ होतात म्हणे. मुलगी दहावीला आहे. तिच्या पुस्तकात धमन्या लाल आणि शिरा निळ्या दाखवल्यात. ती विचारते, आई, तुझं रक्त निळं झालंय का? मी घाबरू का? काढा सुरू करू का? आमच्या थोरल्या दिरांनाही हाच त्रास आहे. ते यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांच्या शिरा दिसत नाहीत, पण चौकापर्यंत चाललं की पोटरीत गोळा येतो, थोडं थांबले की जातो. अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम महिना झाला तरी भरलेली नाही. त्यांनाही काढा चालेल का? नाव छापू नये."

ताई,

तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय तिथूनच सुरुवात करते. तुमच्या पायांना दोन-तीन आठवडे थांबता येईल, थोरल्या दिरांच्या पायाला नाही. त्यांना याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. "हाच त्रास" असं तुम्ही लिहिलंत, पण त्यांचा त्रास तुमच्यासारखा नाही, जवळजवळ उलटा आहे.

यात चूक तुमची नाही, आपल्या भाषेनंच घोळ घातलाय. मान धरली की आपण म्हणतो शीर आखडली. रात्री पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली. कमरेतून कळ निघाली की नस दबली. आणि सलाइन लावताना सिस्टरला सापडत नाही तीही शीरच. यातले पहिले दोन प्रकार स्नायूंचे, तिसरा मज्जातंतूचा, आणि फक्त शेवटची रक्तवाहिनी. एका शब्दात इतकी बिऱ्हाडं नांदत असली की "नसांचं औषध" विकणाऱ्याचं फावतं. गिऱ्हाइकाला काहीही होत असलं तरी ते नसांचंच ठरतं!

बरं, रक्तवाहिन्यांतही दोन जाती. हृदयाकडून रक्त घेऊन निघते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शीर. माझ्या शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला अशी नावं होती. मला ती अजून आवडतात, कारण नीला म्हटल्यावर निदान कंबरदुखी तरी कुणाला आठवत नाही. दिरांचं दुखणं बहुतेक रोहिणीचं आहे, तुमचं नीलेचं. त्यांच्या पायात रक्त पुरेसं उतरत नाही. तुमच्या पायात उतरलेलं रक्त नीट चढत नाही.

हे का होतं, ते सांगते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदयही मिनिटाला जवळपास तेवढंच बाहेर ढकलतं. ते प्रथम शिरतं महाधमनीत, जी सुरुवातीला अडीच सेंटिमीटर रुंद असते. धमनीच्या भिंतीला तीन थर. आत गुळगुळीत अस्तर, मधे स्नायू आणि लवचिक धागे, बाहेर चिवट आवरण. मोठ्या धमन्यांत लवचिक धाग्यांचा भरणा जास्त असतो, म्हणून ठोका पडला की त्या फुगतात आणि हृदय विसावतं तेव्हा आक्रसून आतलं रक्त पुढे रेटतात. मनगटावर बोट ठेवल्यावर लागते ती नाडी म्हणजे हेच फुगणं. पुढे धमन्या बारीक होत जातात तसे धागे कमी आणि स्नायू जास्त. अगदी शेवटच्या बारीक धमन्या तर नळाच्या चाव्यांसारखं काम करतात. तव्यापुढे तुमचा चेहरा लाल होतो तेव्हा कातडीतल्या चाव्या उघडलेल्या असतात, थंडीत बोटं गार पडतात तेव्हा आवळलेल्या.

त्यानंतर केशवाहिन्या. त्यांची भिंत एका पेशीइतकी पातळ, आणि वाट इतकी अरुंद की रक्तातल्या तांबड्या पेशीला पुष्कळदा अंग दुमडून जावं लागतं. इथे रक्ताचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी होतो. हा संथपणा हवाच असतो, कारण प्राणवायू आणि साखर देणं, कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ माल उचलणं, हा सगळा व्यवहार याच भिंतीतून चालतो. बाकीच्या रक्तवाहिन्या म्हणजे इथवर येण्याजाण्याचे रस्ते. दिरांच्या अंगठ्याची जखम भरायची तर या केशवाहिन्यांपर्यंत रक्त पोचायला हवं, आणि ते वरच कुठेतरी अडतंय असा माझा संशय आहे.

आता परतीची वाट. दंडाला पट्टा बांधून आपण १२० वर ८० मोजतो तो धमनीतला दाब. केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरेत येईतो त्यातला बराचसा खर्च झालेला असतो. म्हणून शिरेची भिंत पातळ, स्नायू थोडे, सहज ताणली जाणारी. कोणत्याही क्षणी अंगातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असतं. ती आपली कोठीची खोली म्हणा ना.

पण पावलातलं रक्त हृदयापर्यंत चढवायचं म्हणजे चारेक फुटांची उभी चढण. हलल्याशिवाय उभं राहिलं तर त्या उंच रक्तस्तंभाच्या भाराने घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत जातो. आणि माणूस चालायला लागला की तोच ३० च्या खाली येतो! ही करामत पोटरीची. खोलवरच्या शिरा पोटरीच्या स्नायूंमध्ये असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतात, शीर पिळली जाते आणि रक्त वर जातं. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांत ठरावीक अंतरावर झडपा असतात, वरच्या बाजूलाच उघडणाऱ्या.

तुमच्या भागात विहिरीवर मोटार बसवलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो गेला की मोटार बंद होताच पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं. तुमच्या डाव्या पायात नेमकं हेच झालंय. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी एक लांबलचक शीर कातडीखाली असते, शरीरातली सगळ्यात लांब. तिच्या झडपा ढिल्या पडल्या की वरचं रक्त खाली येतं, खालची शीर ताणून रुंद होते, रुंद झाली की पुढच्या झडपेची दोन पाती एकमेकांना पोचत नाहीत, आणि तीही गळायला लागते. याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता हे त्याचं मोठं कारण. त्यात गरोदरपणाची भर: त्या काळातल्या संप्रेरकांनी शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढलेलं गर्भाशय पोटातल्या शिरांवर दाब देतं. त्यानंतर ओट्यापाशी न हलता उभं राहणं. तुमची कहाणी अगदी पुस्तकी आहे.

मुलीला एक गंमत करायला सांगा. हात थोडा वेळ खाली लोंबू द्यायचा, म्हणजे शिरा फुगतील. त्यातली मनगटाकडून कोपराकडे सरळ जाणारी एक निवडायची. खालच्या टोकाला एका बोटाने दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर निपटत न्यायची. दुसरं बोट उचललं तरी, वाटेत झडप असेल तर, खालचा तुकडा रिकामाच राहतो. वरचं रक्त मागे येत नाही. आता खालचं बोट उचला, शीर क्षणात भरते. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त अंगभर फिरून हृदयाकडे परत येतं हे मांडलं, तेव्हा त्याच्या पुराव्यांत हा साधा प्रयोग होता. या झडपांचं वर्णन पादुआतल्या त्याच्याच गुरूने, फॅब्रिशियसने, १६०३ मध्ये छापलं होतं. पण रक्त हातापायांकडे फार धावू नये म्हणून त्या असतात, असा त्याचा समज होता. झडपा समोर असून दिशा मात्र उलटी वाचली गेली. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे हार्वेलाही दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला आणि १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिगीला बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या.

आणि हो, तिला सांगा, रक्त निळं नसतं. शिरेतलं रक्त गडद लाल असतं, तपासणीच्या बाटलीत तुम्ही पाहिलंच असेल. प्रकाशातला लाल भाग कातडीत खोल जाऊन तिथेच शोषला जातो, निळा वरूनच परततो, म्हणून शीर निळी भासते. पुस्तकातले रंग ओळखीपुरते. हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणारी धमनी तर कमी प्राणवायूचं रक्त नेते, तरी ती धमनीच, कारण नाव दिशेवरून पडतं. दहावीला हा प्रश्न हमखास चुकतो.

आता काकूंचं ब्लॉकेज. तळपायाची आग मस्तकाला जाते ती म्हणीत. पायातली फुगलेली शीर वर चढून हृदयाच्या धमनीत अडकत नाही. पायाच्या शिरांतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून फुफ्फुसांत जातं. हार्ट अटॅक येतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमुळे. त्या महाधमनीला अगदी उगमापाशी फुटतात, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात आणि तुमच्या पोटरीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. शिवाय तुमच्या शिरेत अडथळा नाहीच, ती उलट ढिली झालीय.

एकच गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि सुटली तर ती फुफ्फुसात जाऊन अडकू शकते, आणि ते जिवावर बेततं. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम किंवा लालसर झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तो पाय अजिबात चोळू नका. जोडीला धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या रुग्णालयात. रोज संध्याकाळी येणारी आणि सकाळी ओसरणारी तुमची सूज या जातीची नाही.

काढ्याबद्दल विचारलंत. पुरणपोळी लाटणाऱ्या बाईला हे समजावणं सोपं आहे. धमनीतलं ब्लॉकेज म्हणजे पाइपात साचलेला गाळ असं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि मग कुठल्यातरी आंबट पाण्याने तो धुऊन निघेल असं वाटतं. खरं तर तो माल वाहिनीच्या पोकळीत नसतो, भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली भरलेला असतो. पुरण पारीच्या आत असतं ना, तसा. कोलेस्टेरॉल, ते गिळायला आलेल्या पेशी, तंतू, पुढे कॅल्शियमही. पुरण वाढत गेलं की पोळी फुगते आणि वाट अरुंद होते. पारी पातळ असली आणि फाटली तर आतल्या मालाशी रक्ताची गाठ पडते आणि तिथे गुठळी धरते. बहुतेक हार्ट अटॅक असेच येतात. पोटात गेलेलं लिंबू-व्हिनेगर पचून जातं, पारीखालचं पुरण ते काढू शकत नाही. आलं-लसूण भाजीत घाला, चवीचंच आहे. पण व्हिनेगरने पित्त खवळेल, आणि काढा चालू आहे म्हणून दिरांनी डॉक्टर पुढे ढकलले तर तो काढा फार महाग पडेल.

तर दीर. चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते, पुन्हा साधारण तेवढंच चाललं की पुन्हा धरते. हे वर्णन ऐकून कुठलाही सर्जन आधी पायाची धमनी अरुंद झालीय का ते बघेल. चालताना स्नायूला रक्त जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून तो ओरडतो. तुमचे पाय चालल्यावर आणि उशीवर टेकवल्यावर हलके होतात. त्यांचा पाय वर उचलून धरला तर पांढरा पडेल आणि जास्त दुखेल. रात्री दुखून जाग येत असेल आणि पाय खाटेखाली सोडल्यावर बरं वाटत असेल, तर दुखणं पुढे गेलंय. बोट काळं-निळं पडायला लागलं तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी न्या.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते. बिडी? तंबाखू-चुना? बिडी-तंबाखूवाल्या पुरुषांत, पन्नाशीच्या आतच, हातापायांच्या लहान-मध्यम धमन्या सुजून बंद होण्याचा एक आजार आपल्याकडे बराच दिसतो. त्याला बर्गरचा आजार म्हणतात. त्यात तंबाखू पूर्ण सुटली तरच पाय वाचण्याची आशा असते. दिवसाला दोनच, असली तडजोड चालत नाही. मधुमेह आणि कोलेस्टेरॉलमुळे धमनी अरुंद होणं ही दुसरी शक्यता. कोणतं आहे ते तपासल्यावर कळेल. पहिली तपासणी अगदी साधी असते: घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागतात. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात, त्यांच्यात हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून डॉक्टर डॉप्लरही करतील, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघण्याची तपासणी. साखर तपासायला विसरू नका.

तोवर जखम स्वच्छ धुऊन कोरडी ठेवा, त्यावर हळद-चुना नको. पाय गरम पाण्यात बुडवू नका की शेकू नका. रक्त कमी असलेली कातडी चटकन भाजते आणि भरत नाही. पावलाची नाडी लागते का ते जाऊबाईंना बघू दे, तुम्ही थोरल्या दिरांच्या पायाला हात लावायला संकोचाल. पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, आणि आतल्या घोट्याच्या मागे. वरची नाडी काही निरोगी माणसांनाही जन्मतः लागत नाही, म्हणून ती न लागल्याने घाबरायचं नाही आणि लागली म्हणून डॉक्टरकडे जाणंही टाळायचं नाही.

आता तुमचं. सर्जनकडे जा आणि उभं राहून पायाच्या शिरांचा डॉप्लर करून घ्या. झोपवून केला तर गळणारी झडप लपून जाते. त्यांनी सांगितलं तर दाबाचे मोजे वापरा, घोटा आणि पोटरी मोजून घेतलेले. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवायचे, रात्री काढायचे. मीही ओपीडीत उभं राहून राहून गेली काही वर्षं तेच घालते. उन्हाळ्यात वैताग येतो, पण संध्याकाळी पाय माझेच वाटतात. फक्त एक करा, हे मोजे दिरांना देऊ नका. आधीच रक्त कमी असलेल्या पायाला वरून आवळलं तर उरलंसुरलंही अडेल. तुमच्याही पावलाची नाडी बघूनच डॉक्टर ते देतील.

केंद्रात लाटायचं काम उंच स्टुलावर बसून होतं का बघा. भाजायला उभं राहावंच लागलं तर ओट्याखाली एक पाट ठेवा आणि पाय आलटून पालटून त्यावर टेकवा. मधून मधून चवड्यांवर उभं राहून १५-२० वेळा टाचा उचला, पोटरी पंप म्हणून चालू राहते. दुपारी पंधरा-वीस मिनिटं आडव्या होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवा. फुगलेल्या शिरा जोरात चोळून घेऊ नका. तिथली कातडी पातळ झालेली असते. कधी शीर फुटून रक्त आलंच तर उभ्या राहू नका. आडव्या पडा, पाय उंच करा आणि स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. वरती दोरी-बिरी बांधू नका. मग डॉक्टरकडे. आतल्या घोट्याजवळ कातडी तपकिरी पडली, खाज सुटली किंवा जखम झाली तर दोन-तीन आठवडेही थांबू नका.

लेझर किंवा रेडिओलहरींनी आतून भाजून ती शीर बंद करतात, कधी फेसाचं औषध टोचतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. पायाचं बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं, कातडीखालची ही वाट म्हणजे आडरस्ता. म्हणून तर बायपासच्या वेळी हीच शीर पायातून काढून हृदयाला जोडतात. जोडताना तिची टोकं उलटी करतात, नाहीतर आतल्या झडपाच रक्त अडवतील!

दिरांबरोबर कुणीतरी जा. "पाय दुखतात" एवढंच सांगितलं तर वेदनाशामक गोळ्या घेऊन परत येतील. डॉक्टरांना हे शब्द सांगा: चालल्यावर दुखतं, थांबल्यावर थांबतं, अंगठ्याची जखम महिनाभर भरली नाही. आणि बिड्यांचा आकडा जाऊबाईंना सांगू दे. ते स्वतः निम्माच सांगतील.